कॅमेरा जरा खाली घ्या

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा कार्यवाहांनी आपल्या निवेदनात घेतलेला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला घेतलेला आहे. म्हणून मी आज आपल्यासमोर एका घराची हकीकत मांडणार आहे. खरे तर त्या घराच्या छायाचित्रांची. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने छायाचित्रणावर बोलावे हा थोडा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु निबंधाच्या वह्या कशा तपासाव्यात हे मला बी. एड.च्या वर्गात जेवढे उमगले नव्हते, तेवढे या छायाचित्रांमुळे उमगले. आणि ज्यांच्या वह्या मी तपासल्या, त्यांच्यापैकी बरेच जण आज समोर बसलेले आहेत. तेव्हा हा हिशेब आपल्यापुढेच झालेला बरा.

माझे आजोळ तिरुवलंचुळीचे. कुंभकोणमहून तंजावरकडे निघाले की थोड्याच अंतरावर हे गाव लागते. ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळी’ म्हणजे वळण, भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळली म्हणून गावाला हे नाव पडले, असे स्थलपुराण सांगते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाबरोबर ती संपली. राज्य गेले, पण त्याच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. माझ्या आईची माणसे त्यांतलीच.

आजोळचे घर तिकडच्या पद्धतीचे, रुंदीला थोडे आणि खोलीला फार. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा. मग अरुंद बोळ. मग चारी बाजूंनी लाकडी खांब असलेला मुट्रम, म्हणजे उघडा चौक. त्याच्या कडेने माजघर, त्यात झोपाळा. पलीकडे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसातली विहीर. पुढचे आणि मागचे दार उघडे ठेवले, की रस्त्यावरून विहिरीचा काठ दिसे.

मामा गेल्यानंतर मामी तेथे एकट्या राहत होत्या. मामेभाऊ चेन्नईला, मामेबहीण बंगळूरला. चार वर्षांपूर्वी सर्वांनी विचार करून घर विकण्याचे ठरविले. हल्ली घर विकायचे तर माणसाआधी त्याची छायाचित्रे गिऱ्हाइकाच्या हातात जातात. भाऊ म्हणाला, “अक्का, तुला दिवाळीची सुट्टी आहे, हौसही आहे. फोटो तूच काढ.” मी गेले. दोन दिवस घरभर फिरून मोबाइलवर बेचाळीस छायाचित्रे काढली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मीच काढते आणि ती सर्वांना आवडतात. मुख्याध्यापिकेने काढलेली छायाचित्रे न आवडण्याची सोय कोणाला असते, हा विचार तोपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

कुंभकोणमच्या दलालाने ती पाहिली आणि भावाला कळविले, की ही छायाचित्रे पाहून घर बघायला कोणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या माहितीचे एक छायाचित्रकार पाठवून दिले. माझ्याच वयाचे गृहस्थ. लग्नसमारंभ सोडून गेली पंधरा-वीस वर्षे ते केवळ घरांची आणि हॉटेलांच्या खोल्यांची छायाचित्रे काढत आले होते. पिशवीतला कॅमेरा त्यांनी बाहेर काढलाच नाही. तिण्णैवर बसून माझ्या मोबाइलवरची बेचाळीस छायाचित्रे त्यांनी एकदा मुकाट्याने पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या खेपेला बोलू लागले. ते तमिळमध्ये बोलत, मामी मला सांगत.

दर्शनी भागाच्या छायाचित्राविषयी त्यांनी विचारले, “टीचर अम्मा, हे किती वाजता काढले?” दुपारी चारला. “घराचे तोंड पूर्वेला आहे. चार वाजता सूर्य घराच्या पाठीशी असतो. तुम्ही घराच्या सावलीचा फोटो काढला आहे. उद्या सकाळी सातला काढा.”

चौकाचे छायाचित्र पाहून म्हणाले, चौक पांढराफटक जळला आहे आणि माजघर काळे पडले आहे. हे मलाही दिसत होते. पण त्याला इलाज नाही, अशी माझी समजूत होती. त्यांनी कारण सांगितले. आपला डोळा चौकातून माजघराकडे वळतो तेव्हा क्षणार्धात स्वतःला जुळवून घेतो, म्हणून आपल्याला दोन्ही ठिकाणचे सारे दिसते. कॅमेऱ्याला एका वेळी एकच निवड करता येते. म्हणून तिपाईवर कॅमेरा न हलविता तीन छायाचित्रे घ्यायची, एक माजघरासाठी, एक चौकासाठी, एक मधले, आणि नंतर त्यांचा मेळ घालायचा. ही अडचण घरांची छायाचित्रे काढणाऱ्या सर्वांचीच आहे. ज्युलियस शुलमन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६० साली लॉस एंजलिसच्या टेकडीवरील एका काचेच्या घराचे रात्रीचे छायाचित्र काढले. ते वास्तुकलेच्या पुस्तकांतून जगभर गेले. खालच्या शहराचे दिवे उमटावेत म्हणून त्याने भिंग काही मिनिटे उघडे ठेवले आणि त्याच फिल्मवर क्षणभर झगझगीत दिवे उडवून घराचा अंतर्भाग टिपला. एकाच फिल्मवर दोन वेगळे उजेड! हे मी पुढे वाचले. त्या दिवशी मात्र माझ्या चौकाचे काय चुकले एवढेच मला कळले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

स्वयंपाकघरात ट्यूबलाइटचा हिरवट, देवघरातल्या बल्बचा पिवळा आणि खिडकीतून येणारा निळसर असे तीन उजेड एकमेकांत मिसळले होते. “सगळे दिवे बंद करा,” ते म्हणाले. “दिवसा घराला स्वतःचा उजेड असतो.”

मग खांब. माझ्या एकूण एक छायाचित्रांत चौकाचे खांब आतल्या बाजूला कललेले होते, जणू घर वरून मिटत चालले आहे. मी छत दिसावे म्हणून उभी राहून मोबाइल वर उचलला होता. ते उठले, मला चौकाच्या कोपऱ्यात नेले आणि म्हणाले, “कॅमेरा जरा खाली घ्या. आणखी खाली. छातीच्याही खाली. आता वर बघू नका, समोर बघा.” गुडघे दुखत होते, पण मी वाकले. मोबाइल सरळ धरताच खांब आपोआप ताठ उभे राहिले. छतही आले, जमीनही आली. पन्नास वर्षे ज्या चौकात मी येत होते, तो मी लहानपणानंतर प्रथमच त्या उंचीवरून पाहिला.

येथपर्यंत मी आनंदाने ऐकत होते. पुढची नऊ छायाचित्रे एकाच कोनाड्याची होती. त्या कोनाड्यात आजी सांजवात ठेवीत असे. तेल आणि काजळीने त्याचा दगड काळा मखमली झाला आहे. याशिवाय एका दाराच्या चौकटीची चार छायाचित्रे होती, ज्यावर आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा आहेत. ते म्हणाले, “हे फोटो चांगले आहेत. पण हे तुम्ही ठेवा. घर घेणाऱ्याला यात खोली दिसत नाही.”

मला राग आला. खोटे कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आले. मी उठून परसात गेले आणि विहिरीच्या काठावर बसले. अठ्ठावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईने लिहीत आले. माझ्या वहीवर बऱ्याच वर्षांत कोणी लिहिले नव्हते. थोड्या वेळाने मामी आल्या. म्हणाल्या, “त्यानं तुला कुठं काय म्हटलं? फोटोला म्हटलं.” आणि चहा ठेवायला निघून गेल्या.

परत गेले तेव्हा ते माझीच वाट पाहत होते. त्यांचा एक प्रश्न उरला होता. “मागचा डावीकडचा कोपरा एकाही फोटोत नाही. तिथे काय आहे?” तेथे तुळईला वाळवी लागलेली होती आणि कौले खचली होती. मी दोन दिवस मोठ्या कौशल्याने तो कोपरा टाळला होता. त्यांना न दिसलेली गोष्ट दिसली होती. ते म्हणाले, त्या कोपऱ्याचाही फोटो हवा, आणि चांगला हवा.

भावाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो वैतागला. त्याचे म्हणणे उलट होते, की मोबाइलच्या रुंद भिंगाने फोटो काढावेत, म्हणजे दहा फुटांचा चौक वीस फुटांचा दिसेल. छायाचित्रकारांनी त्यावर एवढेच सांगितले: “माणूस फोटो हातात घेऊन दारात येतो. आत पाऊल टाकताच चौक लहान झाला, तर त्याला बाकीचे घरही खोटे वाटू लागते.” पालकांपैकी ज्यांनी अलीकडे सदनिका पाहिल्या असतील त्यांना हा अनुभव परिचित असेल. २०१६ च्या रेरा कायद्यात तर विकसकाच्या जाहिरातीतील खोट्या मजकुरामुळे किंवा नमुना-सदनिकेमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद करावी लागली; त्याचे बारावे कलम त्याविषयीच आहे. आमचे जुने घर काही त्या कलमात बसत नव्हते. त्या गृहस्थांना कायद्याची आठवणही करून द्यावी लागली नाही.

अर्थात छायाचित्रातील लबाडी आजची नाही. तंजावरची गादी संपल्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, लिनियस ट्राइप हा मद्रास सरकारचा छायाचित्रकार तंजावरला आला. तो लष्करातला कॅप्टन. त्याआधी १८५५ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्याने हळेबीड-बेलूरकडील देवळांची अडुसष्ट छायाचित्रे मांडली होती आणि परीक्षकांनी कागदावरील दृश्यांची ती सर्वोत्तम मालिका ठरविली होती. आपल्याकडे मुंबईतही १८५४ पासून फोटोग्राफिक सोसायटी होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे छायाचित्र काढून जाणत्यांपुढे ठेवण्याची रीत या देशात कॅमेऱ्याबरोबरच आली. या ट्राइपने बृहदीश्वराच्या विमानाच्या पायथ्याशी कोरलेले शिलालेख एकवीस छायाचित्रे जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीच्या एका पट्टीत टिपले. अक्षरे वाचता यावीत यासाठी हा खटाटोप. त्याच ट्राइपच्या कागदी निगेटिव्हवर आकाश उमटत नसे, तेव्हा तो निगेटिव्हवर रंग लावून ढग तयार करी, झाडांच्या पानांना उठाव देई. आज घरांच्या जाहिरातीत पावसाळी आकाशाच्या जागी निळे आकाश चिकटवितात, त्याचे हे पणजोबा! पण ढग रंगविणे आणि वाळवी लपविणे यांत मला अंतर वाटते. ढगांखाली कोणी संसार थाटीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला गावातल्या देवळात घेऊन गेले. कपर्दीश्वराच्या या देवळात श्वेत विनायक आहे. समुद्रमंथनाच्या वेळी देवांनी सागराच्या फेसापासून तो घडविला अशी कथा आहे. म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही, कापराची पूड वाहतात. लहानपणी मी त्याच्यापुढे असंख्य वेळा उभी राहिले असेन. पण ज्यासाठी त्या गृहस्थांनी मला नेले, ते मी कधी धड पाहिलेच नव्हते. ती तेथली दगडी जाळीची खिडकी, ‘पलकणी’. लाकडावरही अवघड जावे असे काम दगडात केले आहे. जुने स्थपती देऊळ बांधण्याचा करार करताना ‘तिरुवलंचुळीची पलकणी सोडून बाकी काहीही करून देऊ’ अशी अट घालीत, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. “मोबाइल पिशवीतच राहू द्या,” ते म्हणाले. “उजेड आधी कुठे पडतो, मग कुठे जातो, शेवटी कुठे विझतो, ते मला तोंडाने सांगा.” मी सांगू लागले. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदाही चुकले. जाळीतून उजेड येतो एवढेच मी पाहत होते. तो जमिनीवर पडून तेथून खांबाच्या खालच्या अंगाला उजळतो, हे तिसऱ्या खेपेला दिसले. “तुमच्या चौकातही अशी एक वेळ आहे,” ते म्हणाले. “ऊन आत उतरण्याआधीचा अर्धा-पाऊण तास. समोरच्या भिंतीवरून उजेड माजघरात येतो. तेव्हा तिथे बसून राहा.”

परतीच्या वाटेवर स्वामीमलै लागते, म्हणजे ती वाट आम्ही मुद्दाम घेतली. पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे हे गाव. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात एक तरुण मेणाच्या मूर्तीचा हात घडवीत होता. मापासाठी नारळाच्या पातीची घड्या घातलेली पट्टी समोर ठेवलेली. वृद्ध गुरूंनी येऊन पट्टी लावली, मेणाची दोन बोटे अंगठ्याने मोडून टाकली, बोटांची लांबी कोठून धरायची ते दाखविले आणि निघून गेले. तरुणाने पुन्हा मेण ऊन केले. नंतर या मेणावर नदीच्या मातीचे लेप चढतील, मेण वितळून वाहून जाईल आणि त्या पोकळीत धातू ओतला जाईल. त्यानंतर घासता येते, कोरता येते. बोट लांब करता येत नाही. मी तेथे उभी राहून मनातल्या मनात एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करीत होते: आपण शिक्षक बहुतेक वेळा धातू ओतून झाल्यावर बोलतो. वही पूर्ण झाल्यावर, गुण दिल्यावर, चाचणी संपल्यावर.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला बसस्थानकावर भेटला. चांगल्या हुद्द्यावर आहे. बोलता बोलता हसत म्हणाला, “बाई, नववीत माझ्या निबंधावर तुम्ही ‘विस्कळीत’ असं लिहिलं होतं. तो शब्द अजून आठवतो.” शाळेच्या भित्तिपत्रकात आधी नियमाने लिहिणारा तो मुलगा, त्याने नंतर लिहिले नाही, हे मला तेव्हा लक्षातही आले नव्हते. तो निबंध विस्कळीत होता, याविषयी आजही माझ्या मनात शंका नाही. पण कोठे विस्कळीत, कशामुळे, आणि त्याने कोठे उभे राहून पुन्हा पाहायला हवे होते, यांतले मी काही सांगितले नाही. त्याने पुन्हा लिहून आणावा असे तर मुळीच सांगितले नाही. तिरुवलंचुळीच्या त्या गृहस्थांनी माझी बेचाळीस छायाचित्रे नापास केली, पण प्रत्येकाबरोबर मला एक जागा आणि एक वेळ दिली. तो माजी विद्यार्थी आज येथे आलेला आहे. मी त्याचे नाव घेत नाही. क्षमा मी त्याच्याजवळ आधीच मागितली आहे.

घराचे सांगायचे राहिले. पुढच्या तीन सकाळी मी माजघरात जमिनीवर बसून छायाचित्रे काढली. त्यांतली चौदा त्यांनी ठेवली, त्यात वाळवीच्या कोपऱ्याचे एक. कुंभकोणमच्याच एका कुटुंबाने घर घेतले. तुळईपायी त्यांनी किंमत पाडून मागितली आणि भाऊ अजूनही अधूनमधून ते बोलून दाखवितो. घेणारे मात्र पहिल्या भेटीला सुतार बरोबर घेऊन आले होते आणि त्यांनी घर पाडले नाही. मामी आता चेन्नईला असतात. कोनाड्याची नऊ छायाचित्रे माझ्याजवळ आहेत.

त्या सुट्टीनंतर मी शाळेत एक बदल सुचविला. आठवी ते दहावीच्या निबंधांचा आधी कच्चा खर्डा घ्यायचा, त्यावर गुण द्यायचे नाहीत, एकाच जागी बोट ठेवायचे, कारण सांगायचे आणि पुन्हा लिहून घ्यायचे. माझ्या सहकाऱ्यांनी यास विरोध केला आणि तो अनाठायी नव्हता. पंचावन्न मुलांच्या वर्गात एक निबंध दोनदा तपासणे म्हणजे काय, हे मी त्यांना शिकवायला नको. आज हा उपक्रम वर्षातून तीनच निबंधांपुरता चालतो, आणि एका वर्षी तर दोनच झाले. काही मुले खर्डा मुद्दाम वाईट लिहितात, म्हणजे सुधारणा मोठी दिसते. मुलांची हुशारी आपल्या पुढे असतेच. तरीही दुसरा निबंध हातात घेताना पहिला शेजारी ठेवला, की माझे बोट जेथे होते तेथेच बहुधा मुलाची सर्वांत चांगली ओळ सापडते. ती ओळ मी सांगितलेली नसते.

या वर्षी स्मरणिकेसाठी शाळेच्या जुन्या इमारतीची छायाचित्रे हवी होती. व्यावसायिक माणूस बोलवावा असे ठरत होते. मी ते काम नववीच्या सहा मुलामुलींना दिले. सकाळी सातला दर्शनी भाग, दिवे बंद, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. पहिल्या खेपेची छायाचित्रे मुलांच्या परवानगीने मी तिरुवलंचुळीच्या त्या गृहस्थांकडे पाठविली. त्यांचा निरोप ध्वनिमुद्रित होऊन आला. ग्रंथालय चांगले, जिन्याचे पुन्हा काढा, आणि सातवी ‘ब’च्या वर्गात फळा सरळ आहे पण दार डावीकडे झुकले आहे, तेव्हा कॅमेरा नीट धरा. मुले पुन्हा गेली, तिपाई लावली, पाणसळीने कॅमेऱ्याची पातळी पाहिली. दार झुकलेलेच. तिसऱ्यांदा गेली ती शिपाईकाकांकडून ओळंबा घेऊन. दार खरोखरच डावीकडे झुकलेले आहे, सव्वा इंच. मुलांनी तसे त्यांना कळविले. त्यांचे उत्तर आले, की मग फोटो बरोबर आहे, तसाच छापा.

स्मरणिकेत तो तसाच छापला जाईल. शाळा समितीने दाराची नोंद घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.